लोहबाबाचा अर्धा डोळा

गॅरेजच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. लोहबाबाने भट्टीतला लालभडक पोलादी दांडा चिमट्याने वर धरला आणि दोरीला टांगलेलं लोहचुंबक त्याच्याजवळ नेलं. मघाशी थंड दांड्यावर झेप घेणारं लोहचुंबक आता ढिम्म हललं नाही.

"मंत्राने लोखंडातलं पाप जळालं! आता हे जन्मात मोडणार नाही!"

दांडा वाकवून झाला, मंतरलेल्या पाण्यात चर्र करून बुडाला. वरून कानस घासली, तर ओरखडा उठेना. लोकांनी हात जोडले.

म्हाताऱ्या लोहाराच्या मनात मात्र पाल चुकचुकली. जावयाने भंगारातून जुळवलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हा दांडा बसणार होता, आणि उद्या त्याच गाडीतून नात सहा मुलांबरोबर उतारावरून शाळेला जाणार होती. शिवाय त्याने एक गोष्ट हेरली होती. मंत्र म्हणताना बाबाचा एक डोळा मिटलेला असे, दुसरा अर्धा उघडा, थेट भट्टीवर! लोखंडाला रंग चढेपर्यंत मंत्र लांबत जाई.

"बाबा, आता मंत्राऐवजी माझी नात पाढा म्हणेल."

"मामा, देवाची थट्टा नको," जावई कुजबुजला.

"थट्टा कसली, जावईबापू? परीक्षा आहे."

दुसरा दांडा भट्टीत गेला. नात खणखणीत आवाजात सुरू झाली, "बे एके बे, बे दुणे चार..." दांडा लाल झाला. लोहचुंबक ढिम्म!

"पाढ्यालाही पाप घाबरतं की!" गर्दीतून कुणीतरी खिदळलं.

लोहाराने बाबाच्या गार दांड्याला लोहचुंबक लावलं. ते खटकन चिकटलं. "इतक्यात पाप परत आलं, बाबा?"

"मंत्राला प्रश्न विचारायचे नसतात! तुझी शंका त्यात उतरली!"

"मग तीही तपासू." दांडा ऐरणीवर आडवा ठेवून त्याने हातोडा हाणला. काचेसारखे दोन तुकडे! जावयाचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोलाद लाल तापलं की लोहचुंबकाची ओढ जाते, गार झालं की परत येते," लोहार सावकाश सांगू लागला. "एकदम पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा मंद तापवायचं, तेव्हा कुठे चिवटपणा येतो. त्याला मंत्र नाही, धीर लागतो."

बाबा केव्हाच पाठमोरा झाला होता.

"आजोबा, उद्या आम्ही चालतच जाऊ," नात म्हणाली.

"जा. आणि वाटेत सगळ्यांना सांग, जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या वस्तूवर आधी हातोडा मारून बघायचा."