दोन आटे जास्त

मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे गेले तेव्हा आम्ही त्यांना समुद्रपूरहून देवळीला आणलं. सोबत त्यांचा हॅम रेडिओ, घरबसल्या दूरदूरच्या हौशी मित्रांशी बोलायचं यंत्र, तोही आला. तिकडे दोन कडुलिंबांमध्ये अँटेनाची लांबलचक तार होती. इकडे आमची गच्ची तिच्या निम्मी. मामाजी, सगळ्यांचे रूपराव गुरुजी, रोज सकाळी रेडिओवरच्या मित्रांची शाळेसारखी हजेरी घ्यायचे. तार दुमडून बांधली, तर मित्र ऐकू येत, पण यांचा आवाज कुणाला पोचत नसे. शेवटी नागपूरहून धनंजयचा फोन आला, "गुरुजी, आराम करा. रविवारपासून हजेरी मी घेतो."

"मी मेलो काय?" म्हणत मामाजी ताटावरून उठले. मला धनंजयचा असा राग आला!

मग आमचं ठरलं. तार अर्धी करायची आणि दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवून उणीव भरून काढायची. गुंडाळायचं काम अर्थात माझं. बाजारात मोटार वाइंडिंगचं दुकान मी चालवते; तालुक्यातल्या अर्ध्या विहिरींचं पाणी माझ्या हातून चढतं. पाइपच्या तुकड्यांवर गुंडाळ्या केल्या आणि शनिवारी तार गच्चीवर ताणली. मामाजींनी मीटर लावलं. काटा काही जागेवर येईना.

"तारेचा सूर खाली गेला," ते म्हणाले. "जाऊ दे. धनंजयलेच घेऊ दे हजेरी."

"काऊन जाऊ दे? खाली काऊन गेला ते सांगा."

"गुंडाळीचे आटे जास्त झाले का असंच होते. सांगतले तेवढेच टाकले नं?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे विजेच्या दाबाचा काही भरवसा नाही, म्हणून मोटारीत दोन आटे जास्त टाकायची माझ्या हाताला सवय. गिऱ्हाईक त्यासाठीच तर माझ्याकडे येतं.

"मामाजी, जळू नये म्हणून दोन-दोन जास्त टाकले."

"अवं, हे काय विहिरीत सोडाची मोटार हाय?" कितीतरी दिवसांनी ते हसले.

मी जास्तीचे आटे उलगडले. काटा आला ठिकाणावर.

रविवारी सकाळी धनंजयचा आवाज आला, "आजपासून हजेरी मी..."

"थांब," मामाजींनी माइक दाबला. "देवळीहून रूपराव बोलून राह्यलो."

खरखरीतून धनंजय ओरडला, "गुरुजी! आवाज बारीक आहे, पण शब्द न् शब्द कळतोय!"

"सुनेनं तार अर्धी केली माह्यी. हजेरी मीच घेतो."

मामाजींनी चष्मा सारखा केला.

"पह्यलं नाव, धनंजय."

"हजर, गुरुजी."