डावीकडची बाजू

“इकडेतिकडे नको बघूस. ज्योतीकडे बघ,” ताई म्हणाली आणि तिने ताट पुन्हा फिरवलं.

समोर पाटावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. शाळेची बस चालवण्यात अर्धं आयुष्य गेलेला, केस पांढरे झालेला, नातवंडांचा आजोबा. पण ताईच्या घरात पाऊल टाकलं की तो अजून ढब्बूच होता. सणाचा हा दिवस त्याने कधी चुकवला नव्हता. ताई एकटी राहायला लागल्यापासून तर तो सकाळीच यायचा, दाराबाहेर पणत्या मांडून द्यायचा, घरातलं काही डुगडुगत असेल तर ठोकून द्यायचा आणि मग हक्काने ओरडायचा, “ताई, ओवाळतेस की उपाशी मारतेस?”

ओवाळायची आईची रीत ताईने तशीच धरून ठेवली होती. आईच्या लेखी नवे कपडे, भेटी, गोडधोड हे सगळं नंतरचं. “बहिणीनं भावाचं तोंड नीट बघावं म्हणून हा दिवा,” आई म्हणायची. “वर्षभरात माणूस कुठे झिजला, कुठे खचला, ते एरवी एवढ्या जवळून कोण बघतंय?” म्हणून ताई सावकाश ओवाळायची. ज्योत जाईल तिकडे भावाचे डोळे जायचे. लहानपणी तो मुद्दाम ते वटारून तिला हसवायचा.

आज ताट त्याच्या उजव्या गालाशेजारून वर गेलं तसे डोळे वर गेले. मग ताट डावीकडे उतरलं आणि डोळे मध्येच थांबले. काहीच नसलेल्या जागी. ताट खालून पुन्हा उजवीकडे आल्यावर ते दचकून ज्योतीला येऊन चिकटले.

ताईने आणखी एकदा ओवाळलं. पुन्हा तेच.

“काय गं, मला चक्कर येईपर्यंत फिरवणार का?” तो हसला.

ताईही हसली, पण ताट खाली ठेवताना त्यातली सुपारी घरंगळत गेली.

जेवताना ती त्याच्यासमोर बसून राहिली. तो चवीने जेवत होता, बसमधल्या पोरांच्या गमती सांगत होता. एक मुलगी रोज त्याला अर्धी पेन्सिल बक्षीस देते म्हणे. मग तो म्हणाला, “लोणचं विसरलीस की ताई.”

लोणचं ताटातच होतं. डावीकडे. त्याच्या शेजारची कोशिंबीरही तशीच्या तशी पडलेली. ताईने त्याचं ताट फिरवलं.

“हात्तिच्या! हे काय इथेच आहे.”

“कधीपासून रे?” ताईने विचारलं.

“काय कधीपासून?”

“डावीकडचं दिसत नाही, ते.”

त्याचा घास हातातच राहिला. दारापुढून कुणीतरी हसत-खिदळत गेलं.

“उन्हाळ्यात एकदा डोकं भयंकर दुखलं,” तो शेवटी म्हणाला. “झोपून उठलो तर ह्या बाजूला पडदा ओढल्यासारखं. म्हटलं, जाईल आपोआप.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टरकडे गेलो की बस गेलीच म्हणून समज. घरी हिलासुद्धा सांगितलेलं नाही मी.”

“मग चालवतोस कसा?”

“मान वळवतो. आणि रस्ता पाठ आहे गं मला. डोळे बांधले तरी...” तो मध्येच थांबला.

“पोरं डावीकडूनच चढतात ना रे?”

त्याने घास ताटात ठेवला. नंतर हळूच म्हणाला, “सुट्टीआधी एक बाई सायकलवर होती. अगदी चाटून गेली. मला ती दिसली ती मागच्या आरशात. शिव्या देत होती.” तो पाणी प्यायला. “त्या दिवसापासून झोप लागत नाही.”

“उद्या बस काढू नकोस, ढब्बू.”

“सुट्टीनंतरचा पहिला दिवस आहे उद्या.”

“म्हणूनच म्हणते.”

“सणासुदीला भलतंसलतं बोलू नकोस, ताई!”

“बोलायचं नव्हतं तर मी ओवाळलं कशाला?”

तो ताटावरून उठला. “घरी बसून करू काय? भिंतीकडे बघत बसू? तीही अर्धीच दिसणार.” हे बोलताना त्याला हसायचं होतं, पण ते जमलं नाही. त्याने पिशवी उचलली. निघताना पायरीवरच्या डाव्या पणतीला त्याचा पाय लागला. ती कलंडली, तेल पायरीभर पसरलं. तो तसाच पुढे गेला. त्याला कळलंच नव्हतं.

सकाळी ताई बसच्या आवारात पोहोचली तेव्हा धुकं पुरतं उठलेलं नव्हतं. पहिला थांबा फाटकापाशीच होता. तिथे शेजारच्या वसाहतीतली पोरं दप्तरं सांभाळत, एकमेकांना ढकलत उभी होती. भावाने बस सुरू केली होती. इस्त्रीचा गणवेश, नीट विंचरलेले केस. ताई घाईघाईने बसच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी गेली आणि तिने हात वर केला.

“ढब्बू, थांब. ऐकून घे माझं.”

इंजिनाच्या घरघरीत ते त्याला ऐकू गेलं नाही. त्याने मान जराशी डावीकडे वळवली. तो जणू तिच्याकडेच बघत होता. ताईला वाटलं, आता इंजिन बंद करेल, आता रागावेल.

बस हलली.

ताईला मागे सरायला सुचलं नाही. तिने दोन्ही तळहातांनी पत्र्यावर दणादण मारायला सुरुवात केली. “थांब! अरे थांब!” फाटकापाशी एक मूल किंचाळलं. ब्रेक कचकचला आणि बस जागच्या जागी डोलत उभी राहिली. पुढचं चाक तिच्या चपलेला टेकलं होतं.

तो धावत खाली उतरला, बसला वळसा घालून आला आणि ताईला बघून जागीच थिजला.

“तू होतीस?”

“हात वर करून उभी होते. तू माझ्याकडेच बघत होतास.”

त्याने तिच्या पायाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. मग फाटकापाशी उभ्या पोरांकडे. तो चाकाजवळ खाली बसला आणि तळहाताने तोंड पुसत राहिला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने तो उठला. वर चढून त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली, गणवेश सारखा केला आणि सरळ कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“साहेब, मला डावीकडचं दिसत नाही. बरेच महिने झाले. बदली माणूस द्या.”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि फोन उचलला.

बदलीला एक तरणी, बुटकी ड्रायव्हर बाई आली. भावाने तिला सांगितलं, दुसरा गिअर जरा अडतो, जोर लावायचा नाही, थोपटून घ्यायचा. पोरं चढेपर्यंत तो दाराशी थांबला. बाईने सीट पुढे ओढली आणि आरसे स्वतःपुरते फिरवून घेतले.

बस फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळली. खिडक्यांतून पोरं ओरडत होती, “काका! काका!” भाऊ समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत हात हलवत राहिला. ताईने त्याचा खांदा धरला आणि त्याला हळूच त्या बाजूला वळवलं.