जमिनीला गॅस झालाय!

बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन आली होती आणि शाळेने तर चक्क सुट्टीच दिली होती! भाताच्या तुडुंब खाचरात, गुडघाभर चिखलात उभे राहून ज्वालाबुवा काठीने तळ ढवळत होते. बुडबुड, बुडबुड! बुडबुड्यांवर त्यांनी पितळेचं नरसाळं उपडं धरलं, वरच्या निमुळत्या तोंडाशी काडी नेली आणि निळी ज्योत भपकन पेटली.

"हा भूमातेचा श्वास!" बुवा गरजले. "जिथे श्वास, तिथे वास! जिथे नाही, तिथे नाश!"

यमक जुळलं की आपल्याला सगळं पटतंच. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग बुवा शेजारच्या, गिरणीवाल्या काकूंच्या खाचरात उतरले. बुवांनी ढवळलं, नरसाळं धरलं, काडी लावली. एक विझली. दुसरी विझली. तिसरीने बुवांचंच बोट भाजलं.

"मेली! ही जमीन मेली!" बुवा बोट चोखत ओरडले. "या बाईने चिखलात काहीतरी काळं कालवलंय. पाणी तोडा हिचं, नाहीतर सगळ्यांची शेतं मरतील!"

काळं म्हणजे साधा कोळसा हो! काकूंनी पेंढा आणि तूस झाकणाच्या पिंपात, हवा कोंडून जाळलं होतं आणि तो भुगा शेतात मिसळला होता. भात ऐन फुलोऱ्यात होतं. आता पाणी तुटलं तर दाणे पोचट राहणार, वर्षाची मेहनत मातीत. आणि फावडं घेऊन पाटाकडे निघाला कोण? सख्खा धाकटा दीर!

"भाऊजी, थांबा!"

"वहिनी, राग मानू नका. सगळ्यांचा प्रश्न आहे."

"बरं. मग भूमाता आणखी कुठे श्वास घेते, तेवढं बघू द्या."

काकूंनी बुवांच्या हातातली काठी आणि नरसाळं हिसकावलं आणि तरातरा चालू लागल्या. मागे अख्खं गाव. बुवांचा मुक्काम होता त्या घरामागच्या तुंबलेल्या गटाराशी त्या थांबल्या. ढवळलं, नरसाळं धरलं.

"भाऊजी, लावा काडी."

भप्प! ज्योत शेतातल्यापेक्षा वीतभर उंच.

"बुवा, मठ इथेच बांधा!" मागून न्हावी ओरडला आणि हशा पिकला.

"अहो, श्वास कसला!" काकू म्हणाल्या. "जमिनीला गॅस झालाय, गॅस! तुंबलेल्या पाण्याखाली हवा नसते. तिथे कच्चा पेंढा कुजला की जंतू मिथेन करतात. काडी लावली की तो पेटतो, नाही लावली तर वर जाऊन सगळी हवा तापवतो. माझ्या पेंढ्याचा कोळसा झालाय. कोळसा सहजी कुजत नाही, म्हणून गॅसही कमी. शेतकी खात्याच्या बाईंनीच शिकवलं मला. आणि म्हणे मेली! माझ्या जमिनीचं पोट साफ आहे!"

लोक पोट धरधरून हसले. तेवढ्यात बुवांनी काढता पाय घेतला; नरसाळंसुद्धा मागितलं नाही.

दीर लालेलाल झाला होता. त्याच फावड्याने त्याने काकूंच्या शेताचं पाटाचं तोंड नीट साफ केलं. मग मान खाजवत म्हणाला, "वहिनी, ते झाकणाचं पिंप... दोन दिवस नेऊ?"

"न्या की. पण आधी हात धुवा, गटाराचा श्वास लागलाय!"

मंडळी, चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. म्हणोत बापडे. पण हात जोडण्याआधी तोच चमत्कार एकदा गटारावर करून बघा.