रंगाखालचा स्प्रिंकलर

"हा वेळेवर फुटायचा नाही, बाई," फिटर स्टुलावरून म्हणाला.

खाली वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका बाई आणि पलंगाच्या कडेला बसलेली त्याची आई, दोघी मान वर करून बघत होत्या. छतातल्या स्प्रिंकलरवर रंगाऱ्याने छताबरोबरच पांढरा हात मारला होता. धग लागली की आतली काचेची इवलीशी नळी फुटावी आणि पाणी सुटावं, एवढंच त्या बापड्याचं काम. तेही रंगाने बिघडवून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात बदलून घेऊ, असं बाई म्हणाल्या. फिटर म्हणाला, आत्ताच बदलतो, सामान गाडीत आहे.

सामान गाडीत असायचंच. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी हा आधी छत बघायचा आणि मग यजमान. बायको त्यावरून त्याला येता-जाता टोचायची. आज मात्र तो आईला इथं पोचवायला आला होता आणि त्याची चुळबुळ निराळी होती. खोलीत आल्यापासून त्याने खिडकीची कडी ओढून पाहिली, नळ सोडून पाहिला, पलंग हलवून पाहिला. कशात तरी खोट निघावी आणि आईला परत न्यावं, असं त्याला वाटत होतं. पण नेऊन करायचं काय? आईला विसर पडत होता. गॅस कितीदा तसाच राहिला. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराचा पडदा पेटला आणि शेजारीण धावून आली म्हणून निभावलं. तो आणि बायको दिवसभर कामावर. शेवटी आईनेच इथं राहायचं काढलं आणि त्याने नको म्हटलं नाही. तेच त्याच्या जिवाला लागलं होतं.

जिन्यातला व्हॉल्व्ह बंद करून, पाइप रिकामा करून तो पुन्हा स्टुलावर चढला. घाईघाईत पाना फिरवला, तर पाइपात उरलेलं काळंकुट्ट, वास मारणारं पाणी भसकन त्याच्या डोक्यावर आलं. आई हसली. खूप दिवसांनी हसली. त्याने नवा स्प्रिंकलर बसवला, व्हॉल्व्ह उघडला, बोट फिरवून पाहिलं. थेंबही गळत नव्हता. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याचा पाय निघत नव्हता.

"आई, चल घरी," तो एकदम म्हणाला. "बघू काहीतरी."

"घरी आहे का हे, छताला?"

त्याने वर नव्या स्प्रिंकलरकडे पाहिलं. सगळ्या गावाची छतं बघत फिरणाऱ्या माणसाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते कुठून असणार!

"मग? ये इकडे, डोकं पुसू दे. सूनबाई वाट बघत असेल."

पिशवी उघडून तिने टॉवेल काढला आणि लहानपणी पुसायची तसं खसाखसा त्याचं डोकं पुसलं. त्याने डोळेही त्यातच उरकून घेतले. मग टॉवेलची घडी घालून तो पिशवीत ठेवायला वाकला, तर आईने टॉवेल त्याच्या हातातून घेतला, झटकला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला.