तिसऱ्या खेपेचं माप

प्रयोगशाळेत सहा स्टुलं होती आणि कोट अडकवायचे सहा हुक. पाच हुक रिकामे; सहाव्यावरचा कोट माझ्या अंगात. बरोबरचे पाचही जण नोकरीला लागले होते: दोघं रंगाच्या कारखान्यात, एक जण चिप बनवणाऱ्या कंपनीत, दोघी औषधांच्या. शेगडीवर काचेचा एक चंबू, त्यात सोन्याचं फिकट पिवळं द्रावण उकळत होतं.

मला घ्यायला एक कंपनी तयार होती. ती रक्ततपासणीच्या पट्ट्या बनवते. अट एकच: सोन्याच्या कणांच्या तीन खेपा करून दाखवायच्या, सरासरी आकार पंधरा नॅनोमीटर, फार तर दोन इकडे-तिकडे. पहिल्या दोन जमल्या होत्या, १४.८ आणि १५.३. मुदत आजची होती आणि सोन्याचं द्रावण एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. शुक्रवारपासून माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, दुकानदाराचं ‘सुट्टे आहेत का’ सोडलं तर. हातात मोजे होते, म्हणून कोपरानं स्पीकर लावला.

“काय चाललंय?”

“सोनं उकळतेय, बाबा.”

“वा! मग आईला एखादी अंगठी घडव की.” बाबा शिंपी आहेत. “आणि शिंप्याच्या पोरीला माप घ्यायला म्हणे मशीन लागतं?”

“तुमच्या टेपवरच्या एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातले पंधरा.”

“अगं, एवढ्या मापाचं गिऱ्हाईक कुठून आणायचं?”

मी हसत सायट्रेटची नळी उचलली; त्यानंच द्रावणातल्या सोन्याचे कण बनतात. ते एका दमात ओतायचं असतं. धार तुटली की कण हवे तसे होत नाहीत. मी ओतायला सुरुवात केली.

“आई विचारतेय, जेवायला सोबत असतं ना गं कुणी?”

माझा हात थांबला.

“असतात की. पाच जण,” म्हणाले, आणि उरलेलं ओतलं.

“मग काळजी नाही. चल, ठेवतो, ट्रायलला माणूस आलाय.”

द्रावण आधी काळपट झालं, मग डाळिंबी. नुसत्या डोळ्यांना तिन्ही खेपा सारख्याच दिसत होत्या. मी वहीत लिहिलं, ‘ओतताना अंदाजे तीन सेकंद खंड.’ चंबू थंड होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. मग नमुना मशीनमध्ये ठेवला.

सरासरी आकार: १९.६ नॅनोमीटर.