मेंढरं खात नाहीत असं झाड

सारजाबाईनं पोर्चातलं झाड निवडलं ते मेंढरांना विचारून. हसू नका. ज्या बाईच्या दारात अकरा मेंढरं आहेत, तिनं दुसऱ्या कुणाला विचारायचं?

घर निरगुडसरचं, नवं, स्लॅबचं. पुढं पोर्च, पोरानं हौसेनं पांढरी फरशी घालून घेतलेला. आणि त्या पोर्चला खेटून मेंढरांची जाळी. लांब बांधायची सोय नाही, बिबट्या एका रात्रीत दावण रिकामी करतो. त्यामुळं मेंढरं सकाळ-संध्याकाळ पोर्चवरनंच जायची आणि जाता जाता दिसेल ते हिरवं फस्त करायची. जास्वंद गेली, गुलाब गेला, एकदा तर दारावरचं आंब्याचं तोरण गेलं. सारजाबाईला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते सुनेचं बोलणं कानावर पडल्यापासून.

सून प्रांजल आणि मुलगा गोरक्ष, दोघं चाकणला राहायचे. नातू शौर्य दीड वर्षाचा. एक तारखेपासून प्रांजल पुन्हा कामावर जाणार होती आणि पोर आजीकडं ठेवायचं का पाळणाघरात, यावर नवरा-बायकोचं चाललं होतं. एक दिवस गोरक्षचा फोन बंद करायचा राहिला आणि सारजाबाईनं ऐकलं. "आईंकडं ठेवायला माझी ना नाही," प्रांजल म्हणत होती, "पण दारात नुसत्या लेंड्या आणि वास. बाळानं खेळायचं कुठं?"

लागलं बाई तिला. रात्रभर कूस बदलत राहिली. पण खोटं काय बोलली होती पोर? नातू हवा तर दार माणसात आणायला हवं. झाडून दोनदा फरशी पुसली, आणि जीप पकडून नारायणगावच्या अलीकडं हायवेला रोपवाटिका आहे तिथं गेली.

"मावशी, ऊन किती वेळ येतं?" रोपवाटिकेतल्या कुंडलिकनं विचारलं.

"डाव्या अंगाला दिस उगावल्यापास्नं अकरापतुर. उजव्या अंगाला टाकीची सावली, दिसभर."

"मग उन्हात सदाफुली लावा. अन् सावलीला हे बघा." त्यानं एक कुंडी पुढं ओढली. रुंद पानं, हिरव्यावर पांढरे शिंतोडे, चुना उडाल्यासारखे. "डिफेनबेकिया म्हणत्यात."

"नाव ऱ्हाऊ दे. मेंढरं खात्यात का?"

कुंडलिकनं डोकं खाजवलं. "असं कुणी इचारलं न्हाई राव अजून."

"मग एक पान दे. मी इचारून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते पान थोरल्या मेंढीपुढं धरलं. ही मेंढी म्हणजे अशी की सिमेंटच्या गोणीचीही चव घेऊन बघणारी. तिनं वास घेतला, फुर्रकन शिंकली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दोघींनीही तेच. सारजाबाई अशी हरखली की चहा गॅसवर उतू गेला.

"पुन्हा रोपवाटिकेत निघालीस?" नवरा सोमाजी म्हणाला. "झाडं हायेत का पावणं? रोज भेटायला जाया!"

"तुमी गप ऱ्हावा. आता टिकतंय का न्हाई बघा."

रविवारी चाकणची मंडळी आली. उन्हात सदाफुली गुलाबी झाली होती आणि सावलीत शिंतोड्यांच्या पानांच्या चार कुंड्या तुकतुकत उभ्या होत्या. प्रांजल पायरीवरच थांबली. "आई! तुम्ही केलं हे सगळं?" तिनं बाळाला फरशीवर सोडलं. एरवी इथं कधी सोडायची नाही. सारजाबाईनं पाणी पुढं केलं.

तेवढ्यात सोमाजीनं जाळी उघडली. मेंढरं निघाली, कुंड्यांना घासून, एकामागं एक. "बघ प्रांजल, बघ!" सारजाबाई पायरी उतरून ओरडली. "एकीनंबी तोंड लावलं न्हाई!" दोघी शेवटची मेंढी जाईपर्यंत बघत राहिल्या.

मग मागं किंकाळी फुटली.

शौर्य सावलीच्या कुंडीपाशी बसला होता. तोंडातनं लाळेची धार, ओठ सुजत चाललेले, आणि रडायचा आवाज बघता बघता बसत गेला. प्रांजलनं झडप घातली. "गांधीलमाशी! गांधीलमाशी चावली! गोरक्ष, गाडी काढ!" फरशीवर पडलेला पानाचा चावलेला तुकडा फक्त सारजाबाईला दिसला. तिनं तो उचलला आणि मुठीत धरून गाडीत बसली.

मंचरला दवाखाना गाठेपर्यंत ती मूठ तिनं उघडली नाही. डॉक्टरीणबाईंनी काय झालं विचारलं, प्रांजलनं गांधीलमाशी सांगितली. सारजाबाई गप्प. खोटं ती बोलली नाही, पण गप्प राहिली हे खरं. माशी म्हटली तर नातू तिच्याकडं राहणार होता, पान म्हटलं तर हातचा जाणार होता. देवा ओझरच्या गणराया, तिच्या मनात आलं, मी किती वंगाळ बाई हाये. डॉक्टरीणबाई बॅटरीनं तोंडात बघून म्हणाल्या, "डंखाची खूण दिसत नाही कुठं." मग सारजाबाईनं मूठ उघडून तुकडा टेबलावर ठेवला.

"माशी न्हाई. ह्ये खाल्लंय त्यानं. म्या आणलेलं झाड हाये."

पुढचं सगळं भराभर झालं. तोंड धुतलं, थंड दूध पाजलं, इंजेक्शन दिलं. श्वास घेतोय ना, एवढंच बघत दुपारपर्यंत बसवून ठेवलं. सूज उतरायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर सांगितलंत म्हणून बरं. नाहीतर आम्ही माशीच शोधत बसलो असतो."

दवाखान्याच्या पायरीवर प्रांजल बाळाला घेऊन सासूच्या शेजारी येऊन बसली. रडून तिचे डोळे लाल झाले होते. "आई, त्या चार कुंड्या फेकून द्या," ती म्हणाली. "तुम्ही लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तुम्ही सांगितलंत. एक तारखेला मी त्याला तुमच्याकडंच सोडते."

महिनाभर सारजाबाई याच शब्दांची वाट बघत होती.

"नको पोरी," ती म्हणाली.

"अहो, पण..."

"चाळीस वरसं मेंढरं राखली म्या. मेंढी ज्या पाल्यापास्नं तोंड फिरवती, त्यो पाला वंगाळ. आमच्यातलं शेंबडं पोरबी सांगंल. मला मेंढीनं सांगितलं व्हतं, प्रांजल. अन् म्या काय म्हन्लं? बरं झालं, झाड टिकंल."

गोरक्ष गाडी घेऊन आला. आईच्या कडेवरनं शौर्यनं आजीकडं दोन्ही हात केले, पण सुजल्या तोंडानं त्याला नीट हाक मारता येईना. सारजाबाई एक पायरी मागं सरली.

"तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे गं त्याला," ती सुनेला म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय."