आधी ग्रीस, मग रक्त

डागमास्तरांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर ठाम विश्वास होता, आणि ती म्हणजे गिऱ्हाईक खोटं बोलतं. "कशाचा डाग?" असं विचारलं की माणूस आधी छताकडे बघतो आणि मग म्हणतो, "चहाचा असेल." असेल! स्वतःच्या छातीवर काय सांडलं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर औषध कोण लावणार? लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत औषधांच्या बाटल्या फळीवर ओळीनं उभ्या असत. तेल-ग्रीसला पांढरं पेट्रोल, रंगाला थिनर, नेलपॉलिशला अ‍ॅसिटोन, रक्ताला आणि घामाला अमोनिया. बाटली चुकली की डाग राहतो आणि कापड जातं. तेहतीस वर्षांत मास्तरांनी गिऱ्हाइकाचं ऐकून एकही बाटली उचलली नव्हती. ते कापडालाच विचारत.

फक्त लेकीच्या बाबतीत त्यांनी गिऱ्हाइकाचं ऐकलं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी तिच्या दंडावर निळं उमटलं, ते कपाटाचं दार होतं. दुसऱ्या वर्षी मनगट मोडलं, ती निसरडी मोरी. तिसऱ्या वर्षी पुन्हा कपाटाचं दार. "कपाट बदला की," मास्तर म्हणाले होते, आणि आपण बापाचं कर्तव्य केलं अशा समजुतीनं घरी येऊन जेवले होते. बायकोकडेही औषधांची एक फळी होती. "अहो, डोकं गरम आहे, पण मन निर्मळ." "भांड्याला भांडं लागायचंच." "मूल झालं की निवळेल." सगळ्या डागांवर चालणारं औषध कुठल्याच डागावर चालत नाही, हा धंद्यातला पहिला धडा. तो घरी शिकवायचा राहून गेला.

जावयाचं ट्रकचं गॅरेज होतं. वेळेवर नट दिला नाही म्हणून त्यानं एका मेकॅनिकच्या जबड्यावर पाना हाणला होता. बिचारा दोन महिने पातळ पेज पीत होता. एका ड्रायव्हरला त्यानं टायरच्या ढिगावर आपटलं, तेव्हा बरगडी मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानं ऐकला आणि गिऱ्हाइकाची एक मिशी जास्त कापली. या सगळ्यामुळे वस्तीत जावयाबद्दल आदर फार वाढला. इतका, की त्या दिवशी संध्याकाळी त्याला शांतता समितीचं अध्यक्षपद मिळायचं होतं.

दुपारी दोनला तो मागच्या दारानं आत आला. हातात पांढुरका कोट.

"मामा, पाच वाजेपर्यंत पाहिजे. हार घालताना फोटो काढणार आहेत."

"बसा, जावईबापू. कशाचा डाग?"

"ग्रीस. गॅरेजवाल्याच्या कोटाला काय अत्तर लागणार?"

छताकडे न बघता उत्तर आलं. मास्तरांना जरा बरं वाटलं. छातीवर तळहाताएवढा काळा डाग होता. त्यांनी खाली जुनं सुती फडकं अंथरलं, कोट उलटा करून अस्तर बाजूला सारलं, आणि पांढऱ्या पेट्रोलचा बोळा कडेकडून मध्याकडे टिपत आणला. चोळायचं नाही, टिपायचं. काळं फडक्यावर उतरू लागलं. जावई स्टुलावर बसून अध्यक्षीय भाषण पुटपुटत होता. "बंधुभगिनींनो, हात उगारणं सोपं असतं..."

ग्रीस गेलं. खाली तपकिरी ठिपके राहिले.

मास्तरांनी दुसरा बोळा घेतला. पेट्रोलला ते ठिपके जुमानेनात. मग कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर त्यांनी गार पाण्याचा थेंब सोडला. कडा लालसर झाल्या. तिथंच हायड्रोजन पेरॉक्साईडचा एक थेंब. फसफसून पांढरा फेस आला.

कापड बोललं होतं. मास्तरांना मात्र ऐकायची घाई नव्हती. त्यांनी अमोनियाची बाटली काढली, बूच उघडलं, आणि मग त्यांना सवय आठवली. खिसे राहिले होते. घाईच्या कामात खिसे राहतातच. आतल्या चोरखिशात बोटं घातली तर एक किल्ली निघाली आणि एक कानातलं.

कानातलं त्यांनीच लेकीला घेतलं होतं. फिरकी मागून घट्ट लावलेली होती. काढलेल्या कानातल्याची फिरकी सैल असते किंवा वेगळी असते. ही घट्ट होती, आणि तिच्यात काहीतरी अडकलं होतं. ते मास्तरांनी पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"ही किल्ली कशाची?"

"घराची. बाहेरून कुलूप लावलंय. झोपलीय ती, तिला त्रास नको म्हणून."

"आणि हे?"

"पडलं असेल."

असेल!

"कोट मागून बघितला मी," मास्तर हळूच म्हणाले. "रक्त आरपार गेलंय. ग्रीस वरच्यावर आहे. म्हणजे आधी रक्त उडालं, मग वरून ग्रीस फासलं. कुणी फासलं रे?"

चार वर्षांत त्यांनी जावयाला पहिल्यांदा अरे केलं. जावयाला रक्तापेक्षा ते जास्त लागलं.

"थेरड्या, अरे-तुरे करतोस? औषध लाव आणि गप धू."

पहिला ठोसा तोंडावर बसला. पुढचे दोन दात जिभेवर आले. मास्तरांनी ते सवयीनं तळहातावर घेतले, खिशातल्या वस्तू ठेवायच्या वाडग्यात टाकले. दुसरा ठोसा पोटात. तिसऱ्याला जावयानं त्यांची मान धरून वाफेच्या प्रेसवर आडवं केलं. खाली गादीचा पाट, वर तापलेलं लोखंडी झाकण, पायाशी पेडल. पेडल दाबलं की झाकण खाली येतं आणि विजारीला घडी पडते.

"तिला अजून दोन द्यायला पाहिजे होत्या," जावई म्हणाला, "आणि एक तुला, जन्माला घातलीस म्हणून."

गळा आवळला जात असतानाही मास्तरांची नजर फळीवर गेली. पांढरं पेट्रोल? शेजारी तापलेलं लोखंड, भडका उडेल आणि लोकांचे कपडे जळतील. अ‍ॅसिटोन? फार तर याच्या शर्टाची बटणं विरघळतील. हाताशी उघडी होती ती अमोनियाची बाटली. डाग रक्ताचा होता. औषध बरोबर होतं.

त्यांनी बाटली उलटी केली ती सरळ जावयाच्या डोळ्यांत.

जावई ओरडायला गेला, पण श्वास आत घ्यावा तर अमोनिया आणि बाहेर सोडावा तर ओरडणं, अशा पेचात सापडून नुसताच घरघरला. गळा सुटला. एका हातानं तो डोळे चोळू लागला. दुसरा, उजवा, त्यानं तोल सावरायला प्रेसच्या गादीवर टेकला.

मास्तर खाली सरकले आणि पेडलवर उभे राहिले.

सुती विजारीला पाच सेकंद लागतात. मास्तरांनी मोजून पाच दिली. मग जरा विचार करून आणखी दोन. झाकण उचललं तेव्हा जावई उभा नव्हता. हाताला घडी मात्र उत्तम पडली होती, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत सरळ.

त्यांनी नळ पूर्ण सोडला आणि बादली त्याच्या तोंडावर ओतली. "डोळे धुवत राहा. हातही पाण्याखाली धर. चोळू नकोस." एवढं सांगून पुढच्या काउंटरवरून दवाखान्याला फोन केला, पत्ता नीट सांगितला, कोट गुंडाळून काखेत मारला आणि किल्ली घेतली.

कुलूप उघडलं तर लेक दाराशीच बसली होती. उजव्या कानाची पाळी खालपर्यंत दुभंगलेली, एक डोळा बंद. दुसऱ्यानं तिनं बापाच्या शर्टाकडे पाहिलं.

"बाबा, हे कशाचं?"

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "कपाटाचं दार लागलं."

ती हसायला गेली. फाटलेला ओठ दुखला तशी तिनं तोंडावर हात धरला, आणि हातामागे बराच वेळ काय चाललं होतं ते मास्तरांना कळलं नाही. ते तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले.

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "नीट."

"विचारलं असतंत तरी मी कपाटच सांगितलं असतं." तिनं नाक पुसलं. "ते येतील आता."

"येईल. पण दार डाव्या हातानं उघडावं लागेल."

ती मग भिंतीला धरून उठली, चपला शोधल्या, आणि काखेतला कोट बघून थबकली. डागवाल्याची लेक ती.

"ग्रीस काढलंत?"

"सगळं."

"आणि खालचं?"

"एका ठिपक्यापलीकडे त्याला हात लावला नाही. आधी दवाखाना, मग चौकी. तिथं हाच कोट टेबलावर टाकायचा."

"शर्टही नका धुऊ मग," ती म्हणाली, आणि त्यांच्या आधी जिना उतरू लागली.